निकालाआधीची शिक्षा



कालभैरवाच्या दर्शनाला जाताना भैरवगढच्या तुरुंगाची भिंत आपण पाहतो आणि पुढे जातो. आत सगळे खुनी-दरोडेखोरच असतील, अशी आपली समजूत. किरकोळ चोरीत सापडलेला हमालही तुरुंगातच जातो.

लहान शिक्षेत एक मेख आहे. जामिनावर असलेल्या आरोपीला ३ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली, तर अपिलासाठी तेच न्यायालय सहसा त्याला पुन्हा जामिनावर सोडते. ज्याच्यापाशी वकील आणि जामीनदार, त्याची शिक्षा त्या दिवशी सुरूच होत नाही. ज्याला जामीनदार मिळत नाही तो निकालाआधीच महिने काढतो. मग ‘भोगली तेवढी पुरे’. आणि निर्दोष ठरला तर? ते महिने कोण परत देणार?

१९५८ च्या परिवीक्षा कायद्याने २१ वर्षांखालच्या मुलाला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येते. पण ते मागायलाही वकील हवा! १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ‘सामुदायिक सेवा’ आली. ५००० रुपयांखालची चोरी, गुन्हा पहिलाच आणि माल परत केलेला, तर तुरुंगाऐवजी सेवा. मात्र काम कोणते, देखरेख कोणाची, हे संहितेत नाही.

२०२८ चा सिंहस्थ तोंडावर आहे. रामघाट झाडायला माणसे लागतीलच. नगर निगमने अशा कामांची यादी न्यायालयाला द्यावी, ही मागणी मंडळाने आमदारांकडे लावून धरावी. आपल्यातील वकील मंडळींनी सभेनंतर जरा थांबावे. जामिनाविना अडकलेल्यांसाठी कोण किती वेळ देणार, ते आजच लिहून घेऊ.