फिल्टर घ्यावा की इफेक्टांची पेटी?

(गणेशोत्सवाच्या तिसऱ्या दिवशी मंडळाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या बंगळूरच्या मंडळात युवा विभागाने वरच्या खोलीत ध्वनिमुद्रणाचा छोटा कोपरा उभा केला आहे. एक संगणक, एक ऑडिओ इंटरफेस, दोन मायक्रोफोन. वर्गणीतून थोडी रक्कम उरली आहे आणि तिच्यात एकच चांगले सॉफ्टवेअर घेता येईल. त्यावरून दोन तट पडले आहेत. एकाला सर्जनशील फिल्टर हवा, दुसऱ्याला सगळे इफेक्ट एकत्र असलेली पेटी, म्हणजे मल्टि-इफेक्ट प्लग-इन. मी बरीच वर्षे ध्वनिमुद्रणाचे काम करतो, म्हणून निवाड्यासाठी मला उभे केले आहे. ज्येष्ठांनी कंटाळू नये. विषय वाटतो तितका परका नाही.

प्लग-इन म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरला जोडायचे उपकरण. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने 1996 साली व्हीएसटी ही पद्धत आणली आणि पूर्वी कपाटभर जागा घेणारी यंत्रे संगणकाच्या पडद्यावर आली.

आता फिल्टर. शेजारच्या घरात मोठ्याने गाणी लागली की भिंतीतून आपल्याला फक्त धमधम ऐकू येते. भिंत वरचे स्वर अडवते, खालचे सोडते. हा लो-पास फिल्टर. जुन्या टेलिफोनवर साधारण 300 ते 3400 हर्ट्‌झ एवढाच पट्टा जात असे, म्हणून आवाज चेपलेला वाटायचा. हा बँड-पास. आणि सर्वांत जुना फिल्टर आपल्या तोंडात आहे. एकाच सुरात ‘आ’ म्हणत हळूहळू ‘ऊ’वर या आणि मग ओठ मिटा. सूर तोच राहतो, पण तोंडाचा आकार बदलतो तसा आवाजाचा रंग बदलतो. ओंकार म्हणताना आपण रोज हेच करतो.

फिल्टरमध्ये दोन गोष्टी मुख्य. कुठून कापायचे तो बिंदू म्हणजे कटऑफ आणि त्या बिंदूवर आवाजाला किती धार द्यायची ते रेझोनन्स. याशिवाय काप किती तीव्र, हेही असते. रॉबर्ट मूग यांच्या प्रसिद्ध ‘लॅडर’ फिल्टरचा उतार दर सप्तकाला 24 डेसिबल होता. 12 डेसिबलचा उतार त्याहून सौम्य.

साध्या इक्वलायझरनेही आवाज कापता येतो, मग वेगळा फिल्टर कशाला? इक्वलायझर दुरुस्तीसाठी असतो, एकदा लावला की स्थिर राहतो. सर्जनशील फिल्टर हलतो. त्याला एलएफओ, म्हणजे सावकाश झुलणारी लाट, जोडता येते. मिनिटाला 120 मात्रांची लय असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची आणि चार मात्रांचा फेरा दोन सेकंदांचा. त्या फेऱ्याशी फिल्टरचा झोका जुळवला की नुसत्या धरलेल्या सुरालाही चाल येते. दुसरी सोय एन्व्हलप फॉलोअरची. हार्मोनियमचा भाता जोराने दाबला की फिल्टर आपोआप उघडतो, हात सैल पडला की मिटतो.

ढोल-ताशाचे उदाहरण घ्या. मुद्रणावर लो-पास लावून कटऑफ सावकाश खाली आणा. आधी ताशाची कडकड विरते, मग टोल, आणि शेवटी फक्त ढोलाचा घुमारा उरतो. मिरवणूक कोपऱ्यावरून वळून दूर गेली असे ऐकणाऱ्याला वाटते. एक बटण फिरवले आणि नाटकातला प्रसंग उभा राहिला.

एका फिल्टरमध्ये किती दम असतो याचा दाखला मुंबईचा आहे. चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेल्या चरणजित सिंग यांनी 1982 साली दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून ध्वनिमुद्रिका काढली. त्यात रोलंड कंपनीचे टीबी-303 हे छोटे यंत्र होते. त्याच्या मुख्य बटणांत कटऑफ आणि रेझोनन्स होते आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोयही होती, जी आपल्या मींडेच्या जवळ जाते. तेव्हा फारशी दखल घेतली गेली नाही. पुढे शिकागोच्या तरुणांनी तेच यंत्र वापरले आणि 1987 पासून ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचा प्रकार जगभर गाजला. 2010 साली चरणजितजींची मुद्रिका पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे थक्क झाले.

आता दुसरी बाजू. मल्टि-इफेक्ट पेटीत डिस्टॉर्शन, फिल्टर, कोरस, डिले, रिव्हर्ब असे सगळे एका खिडकीत मिळते. यात क्रम फार महत्त्वाचा. फोडणी आधी द्यायची की वरून घालायची, यावर आमटीची चव बदलते, तसेच आहे. डिस्टॉर्शन नवे वरचे स्वर निर्माण करते. त्याच्यानंतर फिल्टर ठेवला तर तो ते स्वर कापून आवाज मऊ करतो. आधी ठेवला तर कापलेल्या आवाजातून डिस्टॉर्शन पुन्हा कडा काढते. चांगल्या पेटीत हे क्रम झटकन बदलून पाहता येतात, हा तिचा मोठा गुण. साउंडटॉइजचा ‘इफेक्ट रॅक’, केबलगाइजचा ‘शेपरबॉक्स’, नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचा ‘गिटार रिग’ ही त्यातली परिचित नावे. निव्वळ फिल्टरमध्ये फॅबफिल्टरचा ‘व्होल्केनो’ आणि साउंडटॉइजचा ‘फिल्टरफ्रीक’.

पेटीचे तोटेही आहेत. तयार प्रीसेट शेकडो असतात, संध्याकाळ ते ऐकण्यातच जाते आणि गाणे बाजूला राहते. बहुतेक प्रीसेट आवाज थोडा मोठाही करतात आणि मोठा आवाज कानाला चांगला वाटतो. म्हणून इफेक्ट चालू आणि बंद करताना दोन्हींची पातळी सारखी करून मगच मत द्यावे. संगणकावर भार पडतो तो वेगळाच. 44,100च्या सॅम्पल रेटला 256 सॅम्पलचा बफर ठेवला तरी सुमारे 6 मिलिसेकंद जातात. भार वाढला म्हणून बफर वाढवत नेला, की हेडफोन लावून गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज उशिरा येतो आणि लय डळमळते.

मग घ्यायचे काय? आधी घरात काय आहे ते पाहा. बहुतेक संगीत-सॉफ्टवेअरांत रिव्हर्ब, डिले आणि इक्वलायझर असतात. एबलटन लाइव्ह आणि लॉजिकमध्ये तर ऑटो फिल्टरही आहे. नंतर काम पाहा. आपल्याकडे कामे तीन: ज्येष्ठांच्या आरत्या मुद्रित करणे, एकांकिकांचे पार्श्वसंगीत, आणि मुलांची स्वतःची गाणी.

एकांकिकांना फिल्टर पुरतो. रेडिओचा आवाज, फोनवरचा आवाज, भिंतीपलीकडचे भांडण, सगळे त्यात होते. मुलांच्या गाण्यांसाठीही आधी फिल्टरच घ्या, कारण सोबतचा डिले आणि रिव्हर्ब तुमच्याकडे आहेच. तेच एकामागोमाग एक लावून तुमची पेटी तुम्हीच बांधा, म्हणजे कोणता इफेक्ट काय करतो हे कानाला कळेल. रोज नवे इलेक्ट्रॉनिक संगीत करू लागलात आणि हाताचा वेग कमी पडू लागला, तर पुढच्या वर्षी पेटी जरूर घ्या. घेण्याआधी चाचणी आवृत्ती आपल्याच मुद्रणावर चालवून पाहा. जाहिरातीतल्या नमुन्यावर जाऊ नका.

राहिल्या आरत्या. त्यांना दोन्ही नकोत. समोर बसलेल्या आज्यांपैकी काहींनी या मंडळात चाळीस-चाळीस वर्षे आरती म्हटली आहे. त्यांच्या गळ्यातली चाल, मध्येच घेतलेला श्वास, एखाद्या शब्दावरचा नागपुरी किंवा कोल्हापुरी हेल, हे पुढच्या वर्षी असेच मिळेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. प्लग-इन केव्हाही विकत मिळेल. तेव्हा खोलीला जाड पडदे लावा, मायक्रोफोन जवळ ठेवा आणि काहीही न लावलेले मूळ मुद्रण दोन ठिकाणी जपून ठेवा. त्याच्या प्रतीवर नंतर हवे ते प्रयोग करा. युवा विभागाने खरेदीची पावती फाडण्याआधी या आरत्यांचे मुद्रण उरकावे, एवढी विनंती करून माझे बोलणे संपवतो.

गणपती बाप्पा मोरया!