इतवारीची खेप आणि गुरुवारची बैठक

आम्ही उमरेडकडच्या एका गावातल्या बचत गटाच्या अकरा जणी. आज इतवारीबद्दल बोलणार आहोत, म्हणजे खरं तर आमच्या फजितीबद्दल.

नागपुरात वारांच्या नावाच्या वस्त्या आहेत. मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. तशी इतवारी, म्हणजे रविवारच्या बाजाराची. आमच्या सासवा नागभीडच्या छोट्या गाडीनं इतवारी स्टेशनवर उतरायच्या. लग्नाचा बस्ता, भांडी घ्यायची आणि परत. वर्षातून एखादी खेप. ती गाडी २०१९ मध्ये मोठ्या लाईनच्या कामासाठी बंद झाली. आम्ही मात्र एसटीनं आठवड्यातून तीनदा इतवारी गाठू लागलो.

झालं असं, की गटानं मिरचीचं तिखट आणि मसाला सुरू केला. खपला. मग पापड आले, मुंगवड्या, कुरोड्या, अगरबत्ती, शेवटी राख्यासुद्धा. प्रत्येकाचं सामान वेगळं. खडा मसाला किराणा ओळीत, पिशव्या दुसऱ्या गल्लीत, राखीचे मणी तिसरीकडे. हातगाड्या चुकवत, पोतं डोक्यावर घेऊन दोघी-दोघी दिवसभर फिरायच्या. दमून यायचो, पण आतून बरं वाटायचं. ‘आज इतवारीत गेलो होतो’ म्हटलं की गावात वजन वाढे ना!

गुरुवारची बैठक मात्र मागे पडली. आधी पापड लाटता लाटता बैठक व्हायची. मग रजिस्टरच घरोघरी सहीला फिरू लागलं. बचतीचे पैसे लेकरांच्या हातून यायचे.

आणि एका दुपारी आमच्यातल्या एका वहिनीच्या दारात वसुलीवाला येऊन बसला. हप्ता मिळाल्याशिवाय उठत नाही म्हणे. वहिनीनं नवऱ्याच्या उपचारासाठी एका कंपनीचं कर्ज घेतलं होतं, आणि ते फेडायला दुसऱ्या कंपनीचं. हे तिला विचारूनच सांगत आहोत. ती रोज आमच्याच मांडीला मांडी लावून पिशव्या भरत होती, पण आम्हाला पत्ता नाही. वाईट याचं वाटलं, की त्याच वेळी गटाच्या खात्यात पैसे पडून होते. बैठकच नाही, तर ती मागणार कुठे? ‘तुम्ही सगळ्या घाईत होत्या,’ एवढंच ती म्हणाली.

त्या रात्री देवळाच्या ओट्यावर बसलो. ‘उमेद’च्या ताईंनी सुरुवातीलाच पंचसूत्री पाठ करून घेतली होती: नियमित बैठक, नियमित बचत, गटातलं कर्ज, वेळेवर परतफेड, वहीत चोख हिशेब. पापड त्यात कुठेच नाही!

मग वही काढली. एसटीचं भाडं, ऑटो, हमाली, चहा, सगळं वजा केलं. अगरबत्ती आणि राख्यांत हाती शून्य. दोन दिवसांच्या मजुरीचं पाणी झालं ते वेगळंच. पापडात थोडं सुटत होतं, पण अख्खी दुपार जायची. खरा पैसा तिखट-मसाल्यात. राख्या बंद करायच्या म्हटल्यावर दोघी रुसल्या. त्यांची मेहनत होती, रुसणारच. आठ दिवस बोलल्या नाहीत.

आता फक्त तिखट-मसाला करतो. इतवारीची खेप महिन्यातून एक, यादी करूनच. गुरुवारी संध्याकाळी हातात काही काम घ्यायचं नाही, फक्त बसायचं. पहिल्या दोन बैठकांत हातांना चैन पडेना, एक जण तर शेंगा सोलायला घेऊन आली.

वहिनीला गटातून कर्ज दिलं. एका कंपनीचं खातं बंद झालं, दुसऱ्याचे हप्ते चालू आहेत. दिवाळीला पापडांची मोठी मागणी आली होती, आम्ही नाही म्हटलं. दुकानदारानं दुसऱ्या गटाकडून घेतले. आमच्यापेक्षा चांगले निघाले म्हणे.