घड्याळांचा संग्रह आणि क्षणाचे मोल

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



दि. २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्क येथे फिलिप्स या लिलावसंस्थेत एक मनगटी घड्याळ विक्रीस आले. पोलादी आवरणाचे, हाताने चावी द्यावी लागणारे, जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीचे. पहिलीच बोली एक कोटी डॉलरची झाली आणि बारा मिनिटांत व्यवहार आटोपला. शुल्कासह किंमत झाली १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलर! मनगटी घड्याळाला लिलावात मिळालेली ती तोवरची सर्वोच्च किंमत होती.

ते घड्याळ रोलेक्स कंपनीचे ‘डेटोना’ नावाचे क्रोनोग्राफ होते. क्रोनोग्राफ म्हणजे नित्याची वेळ दाखवीत असतानाच वेगळ्या काट्याने कालावधी मोजणारे घड्याळ. एक कळ दाबली की काटा धावतो, पुन्हा दाबली की थांबतो. दुसरी कळ त्याला शून्यावर आणते. या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘काळ लिहिणारा’. १८२१ साली निकोला रियुसेक या फ्रेंच घड्याळजीने पॅरिसच्या अश्वशर्यतीत तबकडीवर शाईचे ठिपके उमटवून काळ खरोखरच लिहिला. पुढे एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ हे यान संकटात सापडले, तेव्हा मार्ग सुधारण्यासाठी इंजिन चौदा सेकंद चालवावयाचे होते. ते सेकंद जॅक स्विगर्ट यांनी मनगटावरच्या ओमेगा क्रोनोग्राफवर मोजले. त्या चौदा सेकंदांवर तीन जीव अवलंबून होते.

असे हे उपयोगी यंत्र दुर्मिळ झाले की संग्राहकाच्या तिजोरीत जाते. पाटेक फिलिप या जिनिव्हाच्या कंपनीने १९४१ पासून ‘१५१८’ क्रमांकाचे, पंचांगासह चालणारे क्रोनोग्राफ बनविले. एकूण संख्या २८१; बहुतेक सोन्याचे. पोलादातील केवळ चार ज्ञात आहेत. त्यांपैकी एक २०१६ साली जिनिव्हात एक कोटी दहा लाखांहून अधिक स्विस फ्रँकला गेले. सोन्यापेक्षा पोलाद महाग ठरले! मोल धातूत नव्हते. ‘हे इतरांपाशी नाही’ या भावनेत होते.

मात्र न्यूयॉर्कच्या त्या घड्याळाची कथा निराळी आहे. ते अमेरिकन अभिनेते पॉल न्यूमन यांचे होते. मोटारशर्यतीचा छंद जडलेल्या पतीला पत्नी जोअन वुडवर्ड यांनी ते भेट दिले आणि मागील बाजूस ‘जपून चालव’ अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले. त्या तबकडीची घड्याळे तेव्हा दुकानात पडून राहत. आज मात्र ती न्यूमन यांच्याच नावाने ओळखली जातात. १९८४ च्या उन्हाळ्यात त्यांनी कन्येच्या तरुण मित्राला वेळ विचारली. त्याच्यापाशी घड्याळ नव्हते. न्यूमन यांनी मनगटावरचे घड्याळ काढून त्याला देऊन टाकले. पुढे लिलावाच्या उत्पन्नातील काही भाग न्यूमन यांच्या कन्येच्या धर्मादाय प्रतिष्ठानाला मिळाला. स्वतः न्यूमन यांनी १९८२ मध्ये खाद्यपदार्थांचा उद्योग उभारून त्याचा सर्व नफा लोककार्यास वाहिला होता.

येथे विचारवंत श्रावकाने क्षणभर थांबावे. तत्त्वार्थसूत्रात आचार्य उमास्वामींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केली नाही. मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून केली. घड्याळ तेच. एका हाताने ते सहज सोडले. दुसऱ्या हाताने त्यासाठी कोट्यवधी मोजले. परिग्रह घड्याळात असता, तर दोन्ही हातांना तो सारखाच जडला असता.

याचा अर्थ संग्राहक दोषीच असा नव्हे. जुन्या कारागिरांचे कौशल्य, बारीक दातेरी चक्रे, मूळ तबकडी यांचे जतन त्यांच्यामुळेच झाले. ज्ञानासाठी आणि जतनासाठी केलेल्या संग्रहाचा आदरच व्हावा. परंतु ओरखडा उठेल, किंमत उतरेल, या भयाने जे घड्याळ कधी मनगटावर चढत नाही, ते कोणाचा काळ मोजते? तिजोरीतल्या घड्याळाचे तेलही काळाने सुकते. वस्तूचा धनी तिचा पहारेकरी झाला, हीच मूर्च्छा. गृहस्थाला सर्वत्याग शक्य नाही, म्हणूनच परिग्रहपरिमाण हे अणुव्रत सांगितले: मर्यादा आधी ठरवावी, वस्तू नंतर यावी.

जैन दर्शनात काळाच्या सूक्ष्मतम अंशाला ‘समय’ म्हणतात. तो कोणत्याही क्रोनोग्राफच्या काट्यात सापडत नाही. गौतम गणधरांना भगवान महावीरांनी तेवढ्या अंशाचाही प्रमाद न करण्याचा उपदेश केला. क्रोनोग्राफचा काटा कळ दाबताच शून्यावर येतो. आयुष्याच्या घड्याळाला तशी कळ नाही. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे मोजण्यास साधे घड्याळही पुरते. ती मिनिटे समभावात गेली, तर त्यांचे मोल कोणत्याही लिलावात ठरणार नाही.

जय जिनेंद्र!