मिसरीची डबी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कर्करोग होतो कसा, हे आपल्यालाही कळावे म्हणून वाचले, विचारले; ते आपल्या भाषेत सांगते.

कुणाच्या घरी हा आजार निघाला की आपण म्हणतो, "कुठले पाप भोवले!" काही जणी त्या बाईच्या पेल्यालाही हात लावीत नाहीत. हा रोग पापाने होत नाही, शिवण्यानेही लागत नाही.

आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनलेले आहे. पेशीत डीएनए नावाची जणू एक वहीच असते. ती अवघ्या चार अक्षरांत लिहिलेली. पण अक्षरे सुमारे 300 कोटी! एका पेशीच्या दोन होताना सारी वही उतरवावी लागते. लोणच्याची कृती उतरवताना 'चमचाभर'चे 'वाटीभर' होते ना, तशा तिथेही चुका होतात. बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते. पण एखादी 'आता वाढणे पुरे' या ओळीतच राहून गेली आणि वर्षानुवर्षे आणखी चुका साठल्या, तर पेशी थांबेनाशी होते. तोच कर्करोग.

काही चुका आपोआप होतात. काही थोड्या घरांत त्या आईबापांकडून येतात. पुण्यात 1917 साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध अभ्यासला. 1982 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. अशा चुकांत त्या बाईचा काय दोष?

मिसरीचे मात्र तसे नाही. तव्यावर काळी होईतो भाजलेली ती तंबाखूच. तिच्यातील विषारी द्रव्ये तोंडातील पेशींच्या डीएनएला चिकटतात आणि वही उतरवताना अक्षर बदलते. घरातल्या पुरुषांच्या विडीला आपण नावे ठेवतो. पण भांडी घासून झाली, शेतातून आलो, की आपल्यातल्या कितीतरी जणींची डबी उघडते. म्हणे दात दुखतो! दुखरा दात डॉक्टरांना दाखवावा.

दर महिन्याला उजेडात आरसा धरून तोंड पाहावे. पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर लाज न धरता दवाखान्यात जावे. लवकर कळले तर उपचार सोपे जातात. मिसरी सोडली की धोकाही हळूहळू कमी होतो.

सासूची डबी सुनेच्या हाती जाते, ही रीत बोदवडच्या आपल्या घरांतून आपल्यापाशीच थांबू द्या. एवढे सांगून माझे चार शब्द पुरे करते.