परदेशी अभ्यागत आणि विद्यासंस्थांची जबाबदारी



बारामती आणि इंदापूर या तालुक्यांची ओळख दीर्घकाळ अवर्षणाशी जोडलेली होती. नीरा डाव्या कालव्याने काही गावे बागायती झाली, तरी बराच भाग कोरडवाहूच राहिला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात श्रमाच्या बदल्यात धान्य देऊन येथे पाझर तलाव खोदण्यात आले आणि त्यासाठी परदेशी मिशनऱ्यांमार्फत धान्याचे साहाय्य मिळाले. याच कार्यातून १९७१ मध्ये बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची उभारणी झाली. त्या काळी परदेशी माणूस या भागात येई तो मदत घेऊन. आज तो मागणीपत्र घेऊन येतो. या बदलाचा अर्थ विद्यासंस्थांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ आणि फेरेरो या इटालियन कंपन्यांचे कारखाने आहेत. कृषी विज्ञान केंद्रात भाजीपाल्यासाठी भारत-डच सहकार्याचे केंद्र उभे आहे. माळेगाव येथे अजैविक ताणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था २००९ मध्ये स्थापन झाली. इंदापूर तालुक्यात उजनीच्या जलाशयालगतची शेती, द्राक्ष व डाळिंबाच्या बागा आणि वालचंदनगरचा यंत्रोद्योग आहे. साहजिकच खरेदीदार, तंत्रज्ञ आणि उद्योजक तीन दिवसांसाठी किंवा आठवडाभरासाठी इकडे येतात. त्यांचे यजमानपद विद्यापीठाने वा महाविद्यालयाने स्वीकारणे इष्ट आहे, कारण विद्यासंस्था या व्यवहारात विकणारी नसते आणि घेणारीही नसते. दोन्ही पक्षांना तिच्या शब्दाचा भरवसा वाटू शकतो.

हा भरवसा किती मोलाचा आहे, हे द्राक्षांच्या उदाहरणावरून दिसते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष आढळल्यामुळे भारतीय द्राक्षे युरोपच्या बाजारपेठेत अडकून पडली आणि बागायतदारांना जबर फटका बसला. माल बंदरावर पोहोचल्यानंतर कळलेला नियम शेतकऱ्याच्या उपयोगाचा नसतो. खरेदीदार बहुधा फेब्रुवारीत, घड तयार असताना येतो. परंतु त्या हंगामात कोणते औषध केव्हा फवारावे, याचे निर्णय ऑक्टोबरच्या छाटणीपासूनच सुरू होतात. म्हणून यजमान संस्थेने खरेदीदाराला शक्यतो छाटणीच्या वेळी बोलवावे. ते जमत नसेल, तर त्याच्या देशातील अवशेष-मर्यादांची यादी तरी तेव्हा मागवून घ्यावी आणि ती मराठीत गावोगाव पोहोचवावी. एवढे एक काम झाले, तरी भेटीचा खर्च सार्थकी लागला असे समजावे.

पूर्वतयारीत कायद्याचे स्थान पहिले. अभ्यागताचा हेतू व्यापारविषयक असेल, तर त्याचा व्हिसाही त्या हेतूला अनुरूप असावा लागतो. पर्यटनाच्या व्हिसावर व्यापाराच्या वाटाघाटी करणे उचित नव्हे. निमंत्रणपत्रात भेटीचा हेतू, कालावधी आणि खर्चाची जबाबदारी स्पष्ट लिहावी. परदेशी नागरिकांविषयीचा नवा केंद्रीय कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला आहे. परदेशी पाहुण्याला निवास देणाऱ्याने त्याची माहिती चोवीस तासांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास ऑनलाइन कळवावयाची असते. संस्थेचे अतिथिगृहही या कर्तव्यातून सुटत नाही. हे काम एका नेमून दिलेल्या कर्मचाऱ्याकडे असावे, अन्यथा प्रत्येक जण ते दुसऱ्याने केले असेल असे समजून स्वस्थ बसतो.

दुसरी गोष्ट गावाच्या सोयीची. बागेची भेट ठरविण्यापूर्वी शेतकऱ्याची संमती घ्यावी आणि ग्रामपंचायतीस कळवावे. काढणीच्या ऐन घाईत मोटारींचा ताफा बागेत नेणे म्हणजे त्या दिवसाची मजुरी वाया घालविणे होय. पादत्राणांच्या मातीबरोबर एका बागेतील रोग दुसऱ्या बागेत जाऊ शकतो, म्हणून बागेच्या तोंडाशीच ती स्वच्छ करण्याची व्यवस्था ठेवावी. विद्यार्थ्यांना उन्हात स्वागतासाठी उभे करणे आणि हारतुरे, शाली, भाषणे यांत सकाळ घालविणे टाळावे. थोड्या दिवसांसाठी आलेल्या माणसाला कामाचा वेळ देणे हाच त्याचा खरा सत्कार. पिठलं-भाकरीचे साधे जेवण आणि उकळून गार केलेले पाणी एवढ्यानेही पाहुणचाराची शोभा राहते.

तिसरी आणि सर्वांत नाजूक गोष्ट दुभाष्याची. इंग्रजी जाणणाऱ्या विद्यार्थ्याला शेतीची भाषा येतेच असे नाही. मण्याचा आकार मिलिमीटरमध्ये सांगणे, साखरेचे प्रमाण ब्रिक्समध्ये मोजणे, फवारणी आणि काढणी यांतील आवश्यक अंतर समजावणे, या गोष्टींचा त्याने आधी अभ्यास करावा. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे शब्दांचे वजन. पाहुणा ‘विचार करू’ असे सौजन्याने म्हणतो आणि शेतकरी तोच शब्द पक्का धरून कर्ज काढतो, शीतगृहाची तयारी करतो. पुढे मागणी येत नाही आणि हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून सौजन्याचा शब्द आणि व्यवहाराचा शब्द यांतील भेद दुभाष्याने तेथल्या तेथे उघड करून सांगितला पाहिजे. त्याच दिवशी ठरलेल्या व न ठरलेल्या बाबींचे टिपण मराठी व इंग्रजीत करून ते शेतकऱ्यास वाचून दाखवावे.

पाहुणा परतल्यावर पंधरवड्याच्या आत त्याला पत्र जावे. त्यात उरलेल्या प्रश्नांची यादी असावी. भेटीचा वृत्तान्त आणि खर्चाचा हिशेब संस्थेने खुला ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या यजमानास आरंभापासून चाचपडावे लागणार नाही.

शेवटी एक गोष्ट ध्यानी ठेवणे आवश्यक आहे. परदेशी अभ्यागत येथे केवळ शिकविण्यासाठी येत नाही. कमी पाण्यात पीक कसे घ्यावे, हे या तालुक्यांनी अनेक दुष्काळांतून जाणले आहे आणि ते त्याला दाखविण्यात कमीपणा नाही. मात्र त्याच्यापुढे बसलेल्या बागायतदाराला आपल्याच भाषेत पूर्ण माहिती मिळालेली असावी. दोघांनाही सारखे कळले, तरच झालेल्या बोलण्याला करार म्हणता येईल. ते घडवून आणणे हे विद्यासंस्थेचे कार्य आहे आणि त्यात शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य या सर्वांचा वाटा आहे.