कोळशाच्या गावचा चित्रकार

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी गिरणीच्या कताई खात्यात उमर घातलेला माणूस. शाळा सातवीपर्यंत, पुढचे शिक्षण ग्रंथालयात. चित्रकलेवर बोलायला मला उभे केले याचे काही मंडळींना हसू येत असेल, येऊ द्या. ज्या चित्रकाराबद्दल मी सांगणार आहे त्याचे चित्र कळायला पदवी लागत नाही.

आपली वर्धा नदी खाली वाहत जाते तिकडे, बल्लारपूरच्या पलीकडे राजुरा तालुक्यात, सास्ती हे गाव आहे. कोळसा खाणीचे गाव. त्या पट्ट्याला वर्धा खोरे कोळसा क्षेत्र म्हणतात, म्हणजे नाव आपल्याच नदीचे. प्रभाकर पाचपुते हा चित्रकार १९८६ साली तिथे जन्मला. त्याच्या घरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या खाणीत राबलेली. पोराने लहानपणी दुसरे काय पाहिले असेल? खोदलेली जमीन, मातीचे ढिगारे, पाळीवर जाणारी माणसे.

हा पोरगा खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात शिल्पकला शिकला. मग बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून २०११ साली पदव्युत्तर शिक्षण पुरे केले. एवढे शिकून त्याने हातात काय घेतले? कोळसा! (चित्राचा कोळसा जळलेल्या लाकडाचा असतो, खाणीतला नव्हे, पण काळेपणा तोच.) भिंतीच्या भिंती त्याने कोळशाने रंगवल्या. त्याच्या चित्रात खाणकामगाराला कधी डोकेच नसते, डोक्याच्या जागी दिवा असतो. रातपाळी केलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. मालकाला आपले डोके नको असते, काम दिसण्यापुरता उजेड पाहिजे असतो.

२०१२ साली मुंबईत त्याचे प्रदर्शन झाले, त्याच्या नावात कॅनरी पक्षी होता. पूर्वी विलायतेत खाणीत उतरताना मजूर हा पक्षी पिंजऱ्यात घालून नेत. विषारी वायू असला की आधी पक्षी पडे, मग माणसे बाहेर पळत. पुढे २०२१ मध्ये वेल्समधला आर्टेस मुंडी पुरस्कार सहा कलावंतांना मिळून देण्यात आला, त्यात पाचपुते होता. वेल्स हाही जुन्या कोळसा खाणींचाच मुलूख. सास्तीची आठवण तिथल्या लोकांना परकी वाटली नसेल.

आता आपल्या घरचे. वस्तीतला एक पोट्टा चित्रकलेच्या कॉलेजात शिकतो. सुट्टीत आला तेव्हा त्याने आईचे चित्र काढले. डोक्यावर कापसाचे गाठोडे, केसात रुई, पायाला भेगा. माय चिडली. म्हणे, "हे कायले दाखवतं लोकायले? काढाचंच असन त काठाच्या लुगड्यातलं काढ ना!"

त्या माउलीला मी नाव ठेवत नाही. ज्या दिवसांतून ती पोराला ओढून बाहेर काढते, तेच दिवस त्याने कॉलेजच्या भिंतीवर टांगावे हे तिला कसे रुचेल? तिकडची पोरे हसतील ही भीतीही खोटी नाही. पण आपले दिवस आपल्या पोरांनी काढले नाहीत, तर बाहेरचा कोणी येऊन काढेल आणि त्यात नुसती कीव भरेल. पाचपुतेच्या कामगारांची मला कीव येत नाही, त्यांच्याकडे पाहून जरा दचकायला होते. म्हणून माझे मत असे की आईला विचारून काढावे, तिने नाही म्हटले तर तिच्याजवळ बसून पुन्हा विचारावे, पण काढावे.

आमची गिरणी बंद झाली, यंत्रे भंगारात गेली. चालत्या यंत्रावर तुटलेला धागा कसा सांधतात हे आजच्या पोरांनी पाहिलेले नाही. रुईच्या धुळीने रात्रभर खोकणारे बाप मात्र त्यांनी पाहिलेत. ज्या पोरापोरींना काढायचे असेल त्यांनी येत्या रविवारी वंदनेनंतर कागद, कोळसा घेऊन इथेच थांबावे. सूत मी आणतो. धागा सांधून दाखवतो, शंभर वेळा दाखवीन, हात अजून चालतात.

जयभीम.