व्हीपीएनची वही कोणाकडे?



निशि-कासाईत राहणाऱ्या एका मैत्रिणीचा परवा फोन आला. सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्यात आणि त्यांची मालिका इथून दिसत नाही. "फुकटातलं एखादं व्हीपीएन सांग ना, भारतात असल्यासारखं दाखवणारं." मी विचारलं, कुठल्या फोनवर टाकणार? "त्यांच्याच." आता त्याच फोनवर सासूबाईंच्या पेन्शनच्या बँकेचं अ‍ॅप आहे. म्हणून म्हटलं, आज यावरच बोलू.

व्हीपीएन सुरू केलं की फोनमधून जे बाहेर जातं ते आधी त्या कंपनीच्या सर्व्हरकडे जातं, मग पुढे. एरवी तुम्ही कुठल्या साइटवर गेलात, किती वाजता गेलात, हे तुमच्या इंटरनेट कंपनीला दिसू शकतं. व्हीपीएन लावल्यावर तेच व्हीपीएनवाल्याला दिसतं. बँकेचा पासवर्ड दिसत नाही, कारण तो आधीच कुलूपबंद होऊन निघतो; पण बँक कोणती, हे कळतं. म्हणजे भरवसा ठेवणं काही चुकत नाही, फक्त माणूस बदलतो. आणि जपानमध्ये संदेशवहनाची गुप्तता राज्यघटनेच्या २१व्या कलमात आहे, दूरसंचार कायद्यातही आहे. त्या कायद्याने बांधलेल्या कंपनीपासून लपवून आपण सगळं कोणाला देतो? बऱ्याचदा, ज्याचं नाव-गावही आपण वाचलेलं नसतं त्याला.

फुकट म्हणजे वाईटच, असंही नाही बरं का. आपल्या जवळच, इबाराकीतल्या त्सुकुबा विद्यापीठाने ८ मार्च २०१३ रोजी 'व्हीपीएन गेट' सुरू केलं. त्यामागचं सॉफ्टईथर हे सॉफ्टवेअर दाइयू नोबोरी यांचं. सर्व्हर जगभरचे स्वयंसेवक चालवतात, आणि मुख्य हेतू सरकारी बंदी ओलांडून माहितीपर्यंत पोचण्याचा. पण ते स्वतःच लिहून ठेवतात की जोडणीच्या नोंदी किमान तीन महिने राहतात, आणि स्वयंसेवकाच्या सर्व्हरवर किमान दोन आठवडे. कायदेशीर मागणी आली तर नोंदी दिल्या जातात. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. मात्र तो स्वयंसेवक कोण, हे तुम्हाला माहीत नसतं, तेव्हा घरची कामं तिथून करू नयेत.

याउलट ओनाव्हो. फेसबुकने २०१३ मध्ये ही कंपनी घेतली. तिचं व्हीपीएन अ‍ॅप 'तुमची माहिती सुरक्षित ठेवतो' म्हणायचं, आणि लोक कुठली अ‍ॅप किती वापरतात ते फेसबुकला कळायचं. २०१८ मध्ये ते अ‍ॅपलच्या दुकानातून गेलं. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने फेसबुकच्या दोन कंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. नाव मोठं, कंपनी ओळखीची, तरी ही गत!

भारतात तर वही ठेवणं सक्तीचंच आहे. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले: व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, आयपी पत्ता आणि व्हीपीएन कशासाठी घेतलं ते पाच वर्षं जपायचं. कार्यालयांची अंतर्गत व्हीपीएन यातून वगळली. एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. एक्स्प्रेसव्हीपीएनने 'भारत' हा पर्याय ठेवला, पण त्यामागची यंत्रं सिंगापूर आणि ब्रिटनमध्ये. तेव्हा यादीत तिरंगा दिसला म्हणून डेटा मुंबईला जातो असं समजू नका.

तर विकत घेताना 'आम्ही नोंदी ठेवत नाही' या वाक्यावर थांबू नका. कंपनी कुठल्या देशात नोंदवली आहे, मालक कोण, बाहेरच्या तपासनिसांकडून तपासणी करून अहवाल उघड केलाय का, हे बघा. अर्धा तास जातो. आपण तांदूळ घेताना यापेक्षा जास्त चौकशी करतो. आणि मालिका दाखवणाऱ्या सेवेच्या अटींत व्हीपीएनला मनाई आहे का, तेही वाचा.

बँकेचं काम व्हीपीएन बंद करूनच करा. सकाळी तोक्योहून आणि दुपारी भलत्याच देशातून लॉगिन दिसलं तर बँकेला शंका येऊ शकते, आणि खातं अडकलं तर ओटीपी पुण्याच्या सिमवर! अँड्रॉइडवर वरच्या पट्टीत किल्लीचं छोटं चिन्ह दिसत असेल, तर व्हीपीएन सुरू आहे असं समजा. घरातल्या ज्येष्ठांना ती किल्ली एकदा दाखवून ठेवा.

मैत्रिणीने शेवटी पैसे देऊन एका महिन्याचं व्हीपीएन घेतलं आणि मुलाच्या जुन्या टॅबलेटवर टाकलं. त्यात ना बँक, ना फोटो. सासूबाईंचा फोन होता तसाच आहे. टॅबलेटवर चेहरे मोठे दिसतात म्हणून त्या खूश आहेत.